दारात उतरलेली बर्फाची लादी

ये, जवळ बस. खुर्ची नको, इथं चटईवर बस. परवा फोनवर एक वाक्य टाकून मोकळी झालीस, "मावशी, नातीला बर्फात कशाला जाऊ दिलंस?" असं विचारतात का गं? तो काय वांग्याचा भाव आहे, लगेच सांगून टाकायला? आता आलीस तर नीट ऐकून जा. मी मधेच उठेन, दारापर्यंत जाऊन येईन, तिकडं लक्ष देऊ नकोस. पोरगी वर हिमालयात गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

ती बर्फाच्या वयाचा अभ्यास करते, हे तुला ठाऊकच आहे. मला आधी वाटायचं, बर्फाला कसलं आलंय वय, आज झाला, उद्या पाणी. तर म्हणाली, आज्जी, हिमालयात वर पडलेला बर्फ वितळत नाही, थरावर थर बसत जातात. यंत्रानं खोल भोक पाडून आम्ही त्याचा उभा दांडा बाहेर काढतो. जेवढं खाली जावं, तेवढा बर्फ जुना. मी म्हटलं, म्हणजे उसासारखंच की. बुडाची कांडी सगळ्यात आधीची, आणि पाण्याची पाळी चुकली त्या महिन्याची कांडी आखूड. ती हसली. म्हणाली, तसंच, फक्त खालचे थर ओझ्यानं दबून इतके पातळ होतात की मोजता मोजता डोळे शिणतात. त्यात जुन्या वाऱ्यानं आणलेली धूळ असते. बुडबुड्यांत त्या वेळची हवा कोंडलेली असते. काही ठिकाणी तर माणूस शेती करायला लागला त्याच्याही आधीची, हिमयुगातली हवा. तेव्हा आपल्याकडं काही बर्फ नव्हता, पण पाऊस फार कमी असणार, कृष्णा वेगळीच वाहत असणार, असं ती सांगते. हे ऐकल्यापासून नदीवर गेले की मला ती जरा परकीच वाटते.

अभ्यास ठीक होता. पण प्रत्यक्ष वर जायचं ठरलं आणि घरातलं बोलणंच बंद झालं. तुझे काका फौजेत असताना बर्फातल्या चौकीवर राहिलेले. पायाची दोन बोटं तिथंच गेली. त्यांचा जोडीदार, शेजारच्याच गावचा, वादळात चौकीबाहेर पडला तो सापडला फार उशिरा. पेटीत बर्फ घालून त्याला गावी आणला. काका त्यावर कधी बोलत नाहीत. आमच्या लेकानं पोरीला सांगून टाकलं, आबा हो म्हणतील तर जा. आणि आबा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. पोरगी चहा पुढं ठेवून त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहायची. हे कप रिकामा करून रानात निघून जायचे.

मग एके दिवशी ऐन चैत्रात, मला न विचारता, ह्यांनी इस्लामपुरातून बर्फाच्या लाद्या मागवल्या. भुशात ठेवून, गोणपाटात गुंडाळून टेम्पोतून दारात उतरवल्या, आणि उचलून मागच्या अंगणात नेल्या. पोरीला म्हणाले, जाड हातमोजे घाल, लादीवर बस आणि बुटाची नाडी सोडून परत बांधून दाखव. जमलं नाही तर विषय संपला. पोरगी बसली. जिद्दी, आज्यावरच गेलीय. नाडी बोटांत यायची, निसटायची, परत यायची. खालचं भिजलेलं पोतं काळं पडलं. मी चुलीपासून अंगणापर्यंत नुसत्या खेपा घालत होते. काय करायला गेले हेच विसरत होते.

टेम्पो मात्र सगळ्या गल्लीनं बघितला होता. लग्नकार्य नसताना कुणाच्या दारात बर्फाची लादी उतरली की आपल्याकडं त्याचा अर्थ एकच. माणूस गेलंय, आणि लेक मुंबईहून नाहीतर पलटणीतून येईपर्यंत थांबायचंय. त्यात हे आठवडाभर खोकत होते. थोड्याच वेळात डोक्यावर पदर घेऊन बायका आल्या. एकानं तर तिरडीचे बांबू बघायला माणूसही धाडला होता, असं मागाहून कळलं. सगळ्यांच्या पुढं माझी जुनी सोबतीण, गळा काढून रडत मागच्या अंगणात आली, आणि समोर काठी टेकून हे उभे.

"कोण गेलं?" ह्यांनी विचारलं.

"तुमीच की वो," ती म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

मग हसण्याचा जो कल्ला झाला तो काय सांगू. एकजण म्हणाली, आवं, बर्फ काय सरबताला आणलाय व्हय, मी चुलीवरची आमटी टाकून आले. पोरगीसुद्धा लादीवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसली. हे हसले नाहीत. ते बर्फाकडं बघत होते, बायकांच्या भिजलेल्या डोळ्यांकडं बघत होते. त्यांना काय दिसत होतं ते मला कळलं, आणि माझं हसू तिथंच थांबलं.

त्यांनी पोरीला विचारलं, "वर एकाद्याला लागलं, चालता येईना, तर तुमी काय करता?"

"काम सोडतो, आबा. त्याला घेऊन सगळी मिळून खाली येतो."

"आन तुमचा बर्फ?"

"तिथंच टाकायचा."

"हजारो वर्सांचा हाय म्हनतीस, तरी?"

"तरी टाकायचा."

हे वाकले. गुडघे दुखतात, तरी वाकले. तिच्या बुटाची नाडी हातात घेऊन मोठी सैल गाठ कशी मारायची ते दाखवलं, म्हणजे हातमोज्याचं बोट आत जातं आणि ओढली की सुटते. "आसं बांधायचं," एवढंच बोलले. मी भाकरी थापायला आत गेले, कारण सगळ्यांना जेवायला घालूनच पाठवायचं होतं.

तर अशी ती गेली. खालच्या तंबूत उतरली की फोन करते. मागच्या वेळी म्हणाली, हवा बिघडतेय, आम्ही आहोत तिथंच थांबणार. त्यानंतर फोन नाही. हे मला समजावतात, खराब हवेत थांबतात तेच बरं असतं, आणि स्वतः धड जेवत नाहीत. दोघांच्या मधे मोबाईल ठेवायचा आणि एकमेकांकडं बघायचं नाही, असं आमचं चाललंय. तिला जाऊ दिलं ते बरं केलं की वाईट, ती खाली उतरेपर्यंत मला सांगता यायचं नाही.

निघालीस? थांब, डब्यात चटणी भरून देते. आणि येत्या रविवारी ये गं, मुक्कामालाच ये. तू असलीस की हे निदान तुझ्याशी तरी बोलतात.