फेट्याआडचा अर्धा चेहरा

तेलंगणातून लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मला मराठी येत नव्हतं, पण चौकोन भरता येत होते. चादरीचं डिझाईन आधी ग्राफ पेपरवर काढतात, एकेक चौकोन रंगवून. ते काम पुढं कॉम्प्युटरवर गेलं, तशी मीही गेले. शिकवलं कुणी नाही, बघून बघून शिकले. फोटो मोठा करून पाहिला तर तोही चौकोनांचाच, मग भीती कसली? शेजारचा स्टुडिओवाला जुने फोटो दुरुस्तीला देऊ लागला.

एकदा त्यानं करमाळ्याकडचे एक शेतकरी माझ्याकडं पाठवले, माझ्याच वयाचे. बायको गेलेली, दुसऱ्या दिवशी तेरावं. तिचा उभ्या जन्मातला एकच फोटो, कुणाच्या तरी लग्नातला, त्यातही अर्धा चेहरा पुढच्याच्या फेट्याआड.

"तीनची एस्टी हाय," म्हणाले.

चादरीत आम्ही अर्धीच नक्षी काढतो, उरलेली तीच उलटवून जोडतो. इथंही तेच केलं. तासाभरात चेहरा पुरा. मनात म्हटलं, काय हात बसलाय माझा.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, वाकून बघितलं.

"ही कोन?"

"तुमच्या घरच्या."

"न्हाय ओ ताई. दोनी नाकपुड्यांत चमकी? हिच्या एकाच हुती."

माझ्या आईच्या दोन्हीकडं असायच्या, आमच्यात पद्धतच ती. मला खटकलंच नव्हतं. एक पुसली. त्यांनी परत मान हलवली. दोन वाजून गेलेले. फेट्यामागं काय होतं ते मला ठाऊक नाही, मशीनला नाही. ठाऊक फक्त ह्यांना, आणि ह्यांना ते सांगता येईना.

"दादा, रागावल्या की कशा दिसायच्या?"

"रागावली की व्हय? ह्यो डोळा बारीक व्हायचा. लई बारीक. सतरांदा बघितलाय की."

एकेक चौकोन करत डोळा बारीक केला.

"एवढा?"

"आनिक."

"आता?"

"न्हाय. भुवई वर जायची."

भुवई वर घेतली. ओठाचं टोक खाली. तीन वाजले, एस्टी गेली असणार. दोघांपैकी कुणी घड्याळाचं नाव काढलं नाही.

मग ते स्क्रीनच्या अगदी जवळ सरकले.

गुडघ्यावरची टोपी त्यांनी उचलली, झटकली, डोक्यावर नीट बसवली.

"आता हात लावू नका."

"तेराव्याला असा रागावलेला फोटो चालंल का दादा?"

"चालंल की. पावनं वळखतील तरी."