बेसंट नगरचं कासव

कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही. चेन्नईत आल्यापासून फजित्या पुष्कळ झाल्या, पण अंडी चोरल्याचा आळ एकदाच आला. तोही मीच ओढवून घेतलेला.

रविवारी सकाळी माझी सात वर्षांची लेक सई आणि तिची मैत्रीण काव्या यांना घेऊन बेसंट नगरच्या बीचवर गेलो होतो. ओल्या वाळूवरचे ठसे ओळखायचा खेळ चालला होता. कुत्रा झाला, कावळा झाला, खेकडाही झाला.

"बाबा, कासवाचे कसे असतात?" सईने विचारलं.

आता बाप झाल्यावर 'माहीत नाही' म्हणता येतं का? मी सरळ पालथा पडलो. कोपरांनी वल्हवत पाण्यापासून कोरड्या वाळूपर्यंत सरपटत गेलो आणि वर दोन्ही हातांनी झकास खड्डा खणला. "इथे कासवीण अंडी घालते," म्हटलं. पोरी खूश.

मग आम्ही शहाळी प्यायलो, दुकानातून घरासाठी अंडी घेतली आणि बीचवरच राहिलेल्या चपला न्यायला परत आलो. बघतो तर माझ्या खड्ड्याभोवती ही गर्दी.

"रात्री कासव येऊन गेलंय," ट्रॅकपँट घातलेल्या एक बाई इंग्रजीत म्हणाल्या. "पण खड्डा उघडा आहे. अंडी कुणीतरी पळवली. मी फॉरेस्टवाल्यांना फोन केलाय."

झालं. जो तो शेजारच्याकडे संशयाने बघायला लागला. एका कोळ्याला टोपली उघडून दाखवावी लागली. खोटं कशाला बोलू, त्याच्याकडे मीही जरा रोखूनच बघितलं.

तेवढ्यात सईने तोंड उघडलं. मी घाईघाईने वाकून कुजबुजलो, "गप्प बस. खड्डा आपण खणला हे कुणाला सांगायचं नाही. गुपचूप घरी जायचं."

मराठीत बोललो होतो. चेन्नईच्या बीचवर कोणाला कळणार?

बाजूचे वेष्टी नेसलेले आजोबा सावकाश वळले. "आम्ही तंजावरचे," ते म्हणाले. "घरीं मराठीच बोलतों. अंडीं कोठें ठेविलीं?"

आजोबांनी सगळं तमिळमध्ये सांगून टाकलं. गर्दीने मला नीट न्याहाळलं: हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत वाळू, नखांत वाळू. आणि हातात पिशवी. बाईंनी ती उघडली. आत पांढरीशुभ्र अंडी.

"अहो, ती कोंबडीची आहेत," मी म्हणालो. "कासव मीच होतो."

"मग करून दाखवा," आजोबा म्हणाले.

काय करतो? पिशवी बाईंच्याच हातात ठेवून पुन्हा पालथा पडलो आणि सगळ्यांसमोर सरपटलो. लोक मोबाइलवर शूटिंग करत होते. काव्या टाळ्या वाजवत होती. आजोबांनी वाकून दोन्ही माग शेजारी शेजारी तपासले आणि गर्दीला निकाल सांगितला. सगळे पोट धरधरून हसले.

बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी मला परत दिली, पण एक अंडं काढून घेतलं. फॉरेस्टवाल्यांना दाखवायला.