गालातला पांढरा डाग

साठच्या दशकात मी लोणावळ्याला खोली घेऊन राहत होते. काम काय, तर मावळातल्या गावांतून फिरायचं, लोकांच्या तोंडात टॉर्च मारून बघायचं आणि तक्ते भरायचे. तंबाखूनं होणारा तोंडाचा कॅन्सर होण्याआधी थांबवता येतो का, हा आमच्या संशोधनाचा विषय. ऐकायला भारदस्त! प्रत्यक्षात दिवसभर "आ करा, आ करा", आणि संध्याकाळी खोलीवर बोलायला चिटपाखरू नाही. बाजारात चिक्कीसाठी झुंबड, आणि मी घरात स्टोव्हशी बोलतेय. हसू नका, खरंच बोलायचे.

टाकवे बुद्रुकला एक मावशी होती. विधवा, एकटी, भातलावणीला मजुरीनं जाणारी. कान्हे स्टेशनापासून तंगडतोड करत मी पोचले की ती आधी भाकरी वाढायची, मग तपासायला तोंड उघडायची. म्हणायची, "एकल्या बाईनं उपाशी फिरू न्हाई." काम असो नसो, महिन्यातून एकदा मी जायचेच. माझी वाट बघणारं माझ्या आयुष्यात तेव्हा तेवढं एकच माणूस होतं.

तिच्या डाव्या गालाला आतून पांढरा डाग पडला होता. तंबाखूची चिमूट ती वर्षानुवर्षं तिथंच धरायची. असा डाग तंबाखू सुटली तर जातो, नाहीतर कधी कधी त्याचा कॅन्सर होतो. मी घाबरले. तिच्यापुढे आरसा धरला, डागावर बोट ठेवलं आणि दरडावलं, "मावशी, इथं पुन्हा तंबाखू ठेवायची नाही. घ्या शपथ!" तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

पुढे साहेबांनी मला दुसऱ्या तालुक्यात धाडलं. दीडेक वर्षानं परतले ती आधी टाकव्याला गेले. मावशीनं आपणहून आ केला. डावा गाल स्वच्छ, डागाचं नावनिशाण नाही! मी तिला मिठीच मारली.

"तुमचा सबुद मोडला न्हाई बगा," ती म्हणाली. "येक डाव बी त्या अंगाला ठिवली न्हाई."

"म्हणजे? मग कुठं ठेवता?"

"ह्या अंगाला."

मी टॉर्च उजवीकडे वळवला. चट्टा होता, मधोमध जखम, आणि जखमेची कड बोटाला टणक लागली.

"दुखतं?"

"न्हाई. तिखट लागलं का जरा चुणचुणतं."

अकलेचा कांदा मी! जागा दाखवली, पण तंबाखूच सोडा असं काही माझ्या तोंडून निघालं नाही. ते तिला कळलं असेल असं मी धरूनच चालले. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला बसले, तर दोन कागद चुकून फाडले. तिनं माझा हात धरला, माझी समजूत काढावी तशी.

"येवडं भ्याता कशाला, बाई? आता कुटं ठिवू, तेवडं सांगा."