कापूस विरघळवणारे ओकसाहेब

आमचे केमिस्ट ओकसाहेब कारखान्यात आले की आधी चहा नाही, नमस्कार नाही. पेलाभर पाण्यात आदल्या दिवशीची पूड चिमूटचिमूट पेरायचे, ढवळायचे आणि पेला खिडकीशी धरून उभे राहायचे. मी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "नको रे बाबा. बसलो की उठवत नाही, म्हणून उभा आहे."

पौडच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचा कारखाना होता. कापडगिरण्यांनी टाकलेला कापूस कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, पिळून पिंजायचा, पिंपात मुरवायचा, मग क्लोरोॲसेटिक ॲसिड घालून घुसळायचा. वाळवून दळला की पाण्यात विरघळणारी पांढरी पूड तयार. सुताला खळ द्यायला गिरणीनं पिठाऐवजी ही पूड घ्यावी, हा साहेबांचा ध्यास. पण सोडा कापसात सगळीकडे पोचायचा नाही आणि पेल्यात तंतू तरंगत राहायचे. गिरणीनं पोती परत केली, एकदा नव्हे, दोनदा. मालक म्हणाले, आता परत आली तर शेडला कुलूप. साहेबांचं वय झालेलं. त्यांना दुसरीकडे कोण दारात उभं करणार होतं? ते एवढंच म्हणाले, "कापसाला घाई सोसत नाही. मुरू द्या." आणि कापूस आणखी बारीक पिंजायला लावला.

तो शेवटचा घाणा दळून झाला खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. साहेब इतके दमले होते की पेला उद्यावर टाकून घरी गेले.

सकाळी यंत्रांची पूजा. माणसं लवकर आली. "द्येव बसायचा तितं धूळ कशी ठिवायची?" असं म्हणत आमच्या कोंडिबा गड्यानं नदीवरून आणलेल्या घागरी जमिनीवर ओतल्या. ती धूळ म्हणजे आदल्या संध्याकाळी दळताना उडालेली आमची पूडच होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बघता बघता शेडभर बुळबुळीत चिकट थर झाला. माणसं एकमेकांना धरून घसरत होती, हसत होती. तेवढ्यात धुतलेलं धोतर नेसून साहेब आत आले आणि उंबऱ्याशीच आडवे झाले.

"साहेब, माजं चुकलं," कोंडिबा रडकुंडीला आला. "लई लागलं का?"

पडल्या पडल्या साहेबांनी जमिनीवरचा थर बोटांवर घेतला, चोळला, उजेडाकडे धरला.

"तंतू नाही," ते म्हणाले. "अरे, एकही नाही."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ट्रकमध्ये गादी घालून त्यांना पुण्याला नेलं. पोती गिरणीत गेली ती परत आली नाहीत, उलट आणखी मागणी आली. ते सांगायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते उशांना टेकून पडले होते.

"चला," ते म्हणाले, "म्हणजे आता बसायला हरकत नाही."

त्यानंतर ते उठले नाहीत.