आक्काचं एक वाक्य

माझी शाळा सहावीत सुटली. कुणी काढलं नाही. दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला निघायचे, त्यांच्यामागं मीही निघायची, आणि परत येईपर्यंत वर्ग पुढं गेलेला असायचा. लग्न झालं तेही तोडीवाल्या घरातच. तरी त्या अर्ध्या शाळेच्या दाखल्यावर मला हैदराबादला औषधाच्या गोळ्या डब्यांत भरायचं काम लागलं. नल्लकुंट्यात एका खोलीत आम्ही राहायचो. पंखा होता, नळ होता, आणि काम सावलीत बसून करायचं. देवाचे आभार मानायची, आणि रोज सकाळी डोक्यावर कामावरची टोपी चढवताना वाटायचं, आज काढून टाकतील.

त्या उन्हाळ्यात तोड संपवून माझी मोठी जाऊ पोरीला घेऊन आमच्याकडं आली. तिला मी आक्का म्हणते. माझा थोरला पोटात होता तेव्हा माझ्या वाट्याच्या उसाच्या मोळ्याही तिनंच डोक्यावरून गाडीत चढवल्या होत्या, मुकादमाला कळू न देता.

नवेनवे कारखाने निघायचे दिवस होते. आमचा माल परदेशी जायला लागला होता, कामाला बायका हव्या होत्या. मी आक्काला घेऊन गेले. तिला ना हिंदी येत होती, ना तेलुगू. मधे बोलायला मी. सुपरवायझर बाईंनी आधी तिचे हात उलटेपालटे करून बघितले. उसाच्या पात्यांनी चिरलेले हात.

"हातां देखो इसके! खैर, हातां में मोजे पहनती. बारा महिने रुकती क्या? तुम लोगां दसरे कू गाँव भाग जाते, इधर मेरा काम अटकता."

मी आक्काला विचारलं.

"दर साल जातो गं, खोटं कशाला बोलू?" आक्का म्हणाली. "पण औंदा न्हाई जायची. पोरीला हितंच साळंत घालायचंय. धनी एकला जाईल, न्हाईतर घरी बसंल. सांग की तिला."

मी सांगणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुम्हारी जिम्मेदारी पे लेती मैं. ये भागी तो तुम भी घर बैठना."

"हर साल जाती, म्याडम," मी म्हणाले. आणि थांबले.

पुढचं वाक्य तोंडात होतं. ते बाहेर आलं नाही. आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला वाटलं, मी सगळं सांगितलं.

"फिर नक्को," बाई म्हणाल्या. तेवढं आक्काला बरोबर कळलं.

बसमध्ये माझे डोळे भरून आले, तर तीच मला समजवायला लागली. "येडी का काय तू? तू बोललीस की माझ्यासाठी. त्या बाईलाच माझे हात पसंत पडले न्हाईत."

दसरा झाला तशी आक्का तोडीला गेली. पोर तिसरीत होती, तीही गेली. आज ती पोर स्वतःचा कोयता धरते.

माझं काम टिकलं. त्या कामावर माझी दोन्ही मुलं शिकली, कारखान्याला मी कधी वाईट म्हणणार नाही. आणि त्या दिवशी मी खोटंही बोलले नव्हते. तेच जास्त लागतं. खोटं बोलले असते तर एकदा तरी कबूल करता आलं असतं. आक्काला मी अजून सांगितलेलं नाही.

परवा ती डोळे दाखवायला इकडं आली. दवाखान्यात म्हणाली, "तूच बोल बाई, तुला जमतंय." डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तर तिनं पहिल्या तोडीपासून सुरुवात केली. पाचटाची धूळ, चुलीचा धूर, मेलेला बैल, सगळं. मी एकेक वाक्य हिंदीत सांगत गेले. बैलसुद्धा सोडला नाही.

डॉक्टर वैतागले. "मतलब की बात बोलो, अम्मा."

"काय म्हनतोय गं?" आक्कानं विचारलं.

"म्हणतायत, सगळं सांगा."