वाचून दाखवण्याचा नेम

बाईंचे वडील नकाशांच्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. आफ्रिका खंडातले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, त्या काळात तो नकाशा कधी पुरा म्हणून होत नसे; शाई वाळते न वाळते तोच एखाद्या प्रदेशाचा रंग बदलावा लागे. वडील मुद्रिते घरी आणत आणि शाळकरी कन्या गावांची नावे मोठ्याने वाचून दाखवी. रंग का बदलला, या तिच्या प्रश्नाचे उत्तर वडिलांपाशी नव्हते. तो प्रश्न उराशी धरूनच ती पुढे त्या खंडाच्या राजकारणाची इतिहासकार झाली.

विद्यापीठात बाईंचा एक नेम सर्वश्रुत होता. पदच्युत मंत्री असो वा संपाचा पुढारी, त्याची साक्ष छापण्यापूर्वी त्या ज्याची त्याला वाचून दाखवीत, आणि तो सांगेल ते विनातक्रार खोडीत. सहकारी चेष्टेने म्हणत, की केस कापून झाल्यावर न्हावी मागून आरसा धरतो, तशातली ही गत. बाई हसून म्हणत, "मान हलली की कळतं, कात्री कुठं लागली ते."

अखेरचा ग्रंथ एका अल्पायुषी मंत्रिमंडळाविषयी होता. त्यातले हयात असे एकच मंत्री उरले होते. देश सोडून ते बाईंच्याच शहरात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. दृष्टी गेलेली, लेक सांभाळी. प्रतिपक्षाच्या नेत्यांना अटक करण्याच्या आदेशावर आपलीही सही होती आणि अटक झालेल्यांत आपला सख्खा मेहुणा होता, हे त्यांनी बाईंना एकांतात सांगितले होते. मेहुणा तुरुंगातच वारला. मामाचा घात इतर मंत्र्यांनी केला, असेच लेक लहानपणापासून ऐकत आली होती. या प्रकरणावाचून ग्रंथ लंगडा पडला असता; पण म्हातारा 'खोडा' म्हणाला, तर खोडणे भाग होते.

वाचनाच्या दिवशी लेक चहा ठेवून तिथेच बसली. सहीचा परिच्छेद जवळ आला तसा बाईंचा आवाज खाली गेला. चष्मा पुसण्याच्या निमित्ताने त्या थांबल्या.

"थांबलात का? तिला बसू द्या," मंत्री म्हणाले. "आणि मोठ्यानं वाचा."

बाईंनी वाचले. खाली कुणी चाकात हवा भरत होते, तो पंपाचा आवाज तेवढा वर येत राहिला. लेकीने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "बाबा, मामाला कळलं होतं आधी?"

"मीच गेलो होतो सांगायला. आदल्या संध्याकाळी. म्हटलं, नीघ. गाडी उभी केलीय. तर म्हणतो कसा, दाजी, तुम्ही सही केलीत, आता मी पळून तुमची लाज कशाला राखू?"

बाईंची पेन्सिल आपसूक कागदाकडे वळली. इतक्या वर्षांच्या साक्षींत ही गोष्ट त्या प्रथमच ऐकत होत्या.

"हे नाही लिहायचं," मंत्री म्हणाले. "सही राहू द्या. गाडीचं लिहिलंत, तर लोक मला माफ करून मोकळे होतील."

जन्मभर बाईंनी माणसांच्या सांगण्यावरून त्यांचे कलंक खोडले होते. पुण्य खोडायला सांगणारा हा पहिलाच. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

ग्रंथ निघाला. एका परीक्षणकाराने या मंत्र्याला पाषाणहृदयी ठरवले, आणि बाईंनी त्याला उत्तर दिले नाही. त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. परीक्षण तिने वाचले होते. पुढच्या आवृत्तीत गाडीची गोष्ट घालता येईल का, असे ती विचारीत होती.

"येईल ना. पण बाबांनी हो म्हणायला हवं," बाई म्हणाल्या. "विचारून बघ."

पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचे, खुर्ची सरकल्याचे ऐकू आले. बाई कान देऊन थांबल्या.

"नको म्हणतात," लेक परत येऊन म्हणाली. आणि तिने पुढे सांगितले, "तुम्हाला चहाला बोलावलंय. तो परीक्षणाचा कागदही आणा, म्हणतात. वाचून दाखवायला."