एकाच माणसासाठी लॉगिन

“युजरनेम नको. एकच खिडकी ठेव,” काशिनाथदादा म्हणाले.

खिडकी म्हणजे फॉर्ममधला तो चौकोन, ज्यात आपण टाइप करतो. आम्ही वडप्याला त्यांच्या गोडाऊनच्या ऑफिसात बसलो होतो. बाहेर एक कंटेनर रिव्हर्स घेत होता आणि त्याला हात दाखवणारा माणूस ‘आने दो, आने दो’ करून घसा फोडत होता.

“दादा, युजरनेम नसेल तर कोण आलं ते कळणार कसं?”

“येनारा एकच हाय.”

भिवंडीत मी गेली बरीच वर्षं वेबसाइट बनवते. ट्रान्सपोर्टवाले, सूतवाले, गोडाऊनवाले हे माझे क्लायंट. सगळ्यांना होमपेजवर डावीकडून उजवीकडे पळणारा ट्रक हवा असतो. लॉगिनही बहुतेक जण मागतात आणि नंतर ढुंकूनही बघत नाहीत. दादांच्या कंपनीची साइट मीच केली होती. त्यामुळे त्यांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता यांनाही ट्रक हवा असणार.

दादा सत्तरीच्या घरातले. मला ‘मॅडम’ म्हणतात आणि लगेच एकेरीवर येतात. नवीन माणसाला हे खटकतं. मला आता कुणी अहोजाहो केलं तरच धास्ती वाटते.

त्यांना एक पान हवं होतं. त्या पानावर त्यांच्या आईचा आवाज. आई धवलारीण होती, म्हणजे आगरी लग्नात ढवळे गाणारी. कुणीतरी एका लग्नात ती गात असताना कॅसेटवर रेकॉर्ड केलं होतं आणि दादांनी ते दुकानातून मोबाइलवर उतरवून घेतलं होतं. पानाच्या आधी एक दार हवं होतं आणि दाराला पासवर्ड : वाकडी.

वाकडी हे त्यांच्या शेताचं नाव. बांध वळण घेऊन जायचा म्हणून वाकडी. आज तिथे भराव आहे आणि भरावावर पत्र्याचं गोडाऊन. येणारा एकच माणूस म्हणजे त्यांच्याहून पंधरा-वीस वर्षांनी धाकटा भाऊ, हिरामण. शेत विकल्यापासून तो खारबावला जाऊन राहिला आणि दादांशी बोलायचा बंद झाला.

“मग रेकॉर्डिंग सरळ कुणाकडून तरी पाठवून द्या ना,” मी म्हटलं. “त्याला वेबसाइट कशाला हवी?”

“पाठवलं तर ऐकंल आन गप ऱ्हाईल. मना त्याच्या हातनं वाकडीचं नाव लिवलेलं पायजे.”

मी वाद घातला नाही. क्लायंटचं कारण पटायलाच हवं असं काही नसतं.

लॉगिन फॉर्म ही वेबच्या धंद्यातली पोळी-भाजी. शिकाऊ मुलं पहिल्या आठवड्यात हेच करतात. एचटीएमएल नावाच्या भाषेत सांगायचं की इथे चौकोन आहे, इथे बटण आहे. सीएसएसने त्यांना रंगरूप द्यायचं. आणि बटण दाबल्यावर काय व्हायचं ते जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं : शब्द बरोबर असेल तर आत सोड, चुकला तर तसं सांग. हे सगळं बघणाऱ्याच्या फोनवर चालतं, म्हणून याला फ्रंट-एंड म्हणतात. यात एक मेख आहे. पासवर्डही त्याच पानाच्या कोडमध्ये असतो आणि जाणकार माणूस तो उघडून वाचू शकतो. खरं कुलूप मागे सर्व्हरवर लावावं लागतं.

मी दादांना स्पष्ट सांगितलं. “हे कुलूप नाही. नुसती कडी आहे.”

“कडीच पायजे. घराला आपल्या मानसासाठी कुलूप लावतंय कोन?”

फॉर्म तयार झाला. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पुढेमागे स्पेस पडू दे, सगळं चालेल अशी सोय केली. दादांनी स्वतः टेस्टिंग केलं. एका बोटाने, जीभ दातांत धरून त्यांनी शेताचं नाव टाइप केलं आणि एकदम हात मागे घेतला.

“ए मॅडम, हे काय? माझी वाकडी कुठं जेली?”

चौकोनात काळे ठिपके उमटले होते. पासवर्ड दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून ब्राउझर तसं करतो, हे मी समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आधी भरावाखाली जेली, आता ठिपक्यांखाली. दिसू दे गं तिला.”

कोडमधला एक शब्द बदलायचा होता. ‘पासवर्ड’च्या जागी ‘टेक्स्ट’. मी बदलला. त्यांनी पुन्हा टाइप केलं, आणि अक्षरं दिसल्यावर बटण दाबायचंच विसरले. नुसते बघत बसले. मी स्क्रीनवरून नजर काढली आणि उगाच चार्जरची वायर गुंडाळली.

खारबावला त्यांची बहीण दिलेली आहे. तिने लिंक हिरामणच्या फोनवर पाठवली. आत आईचा आवाज आहे, उघडायला आपल्या शेताचं नाव लिही, असा निरोपही दिला.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला दादांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“आला का?”

मी पानाला एक मोजणी जोडली होती. पान उघडलं की मला कळायचं, चौकोनावर बोट ठेवलं, अक्षर पडलं, बटण दाबलं, रेकॉर्डिंग वाजलं की कळायचं. काय लिहिलं ते मी नोंदवत नव्हते. ते नोंदवायचं नसतं. लिंक बहिणीने एकालाच पाठवली होती, त्यामुळे कोण येतंय हा प्रश्नच नव्हता.

आणि तो येत होता. रोज संध्याकाळी पान उघडायचं. चौकोनावर बोट पडायचं. म्हणजे कीबोर्ड वर आला, कर्सर लुकलुकायला लागला. मग काहीच नाही. बटण दाबलं जायचं नाही. बराच वेळ पान तसंच उघडं राहायचं आणि बंद व्हायचं.

मी आधी माझ्याच कामावर संशय घेतला. असं झालं की डेव्हलपर तेच करतो. बटण कीबोर्डच्या खाली झाकलं जात असेल म्हणून वर सरकवलं. अक्षरं मोठी केली. नारपोलीला माझं ऑफिस आहे, खाली कापडाचे लूम चालतात. खालच्या कामगारांचे जुनेपाने, काच तडकलेले फोन मागून आणले आणि प्रत्येकावर फॉर्म भरून पाहिला. एक जण म्हणाला, “मॅडमजी, सब बराबर चल रहा है, आप क्यों टेन्शन लेती हो?” सगळ्यांवर चालत होतं. खारबावच्या त्या एका फोनवरच चालत नव्हतं.

शेवटी वडप्याला जाऊन दादांना सगळं सांगितलं. “ते चुकत नाहीयेत, दादा. ते लिहीतच नाहीत.”

दादांनी मान वळवली. बाहेर माल उतरवत होते, तिकडे बघत राहिले.

“मुरुमाचा पयला डंपर आला ना, त्या दिशी त्यो बांधावं उभा होता,” ते म्हणाले. “इक्रीच्या कागदावं सही त्यानं केली ती मी सांगितलं म्हनून. मना बोलला, दादा, आजपासून वाकडीचं नाव मी काडनार न्हाय. आयची शपथ घेतली त्यानं.”

“हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“मना वाटलं, आयचा आवाज हाय म्हटल्यावं मोडंल.” त्यांनी डोळे पुसले, लपवले नाहीत. “आयची शपथ घेतलेली, आन मी आयच्याच नावानं मोडाया लावतंय. मी पन कसा मानूस हाय बग.”

“मग काय करू?”

“कडी काड.”

लॉगिन फॉर्म बनवायला दोन तास लागले होते. काढायला तेवढे सेकंदही लागले नाहीत. लिंक तीच ठेवली. त्या संध्याकाळी पान उघडलं, आणि यावेळी समोर दार नव्हतं. रेकॉर्डिंग सुरू झालं. शेवटपर्यंत वाजलं. मग पुन्हा सुरू झालं.

दादांचा फोन आला. “आला का?”

“आले. ऐकतायत. अजून ऐकतायत.”

“बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटतं, ते तिकडे तेच रेकॉर्डिंग लावून बसले असावेत.

पुढे हे रोजचंच झालं. भाऊ खारबावला ऐकायचा, भाऊ वडप्याला विचारायचा, आणि मधे मी. संध्याकाळ झाली की माझंही कामात लक्ष लागेना. दुसऱ्याच्या घरची ओढ अशी आपल्याला चिकटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दोघांनी बोलावं असं मला फार, फार वाटत होतं आणि माझ्या हातात एक मोजणी सोडून काही नव्हतं.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. साइटच्या तळाशी माझा नंबर असतो, तिथून घेतला होता.

“मॅडम, मी हिरामन. ते गानं हाय ना, त्यात मधेच एक मानूस बोलतंय. ‘बस झाला, पोरांना जेवाया वाढा’ असा. त्यो आमचा बाप हाय का?”

मी रेकॉर्डिंग इतक्यांदा ऐकलं होतं, पण तो आवाज मला गर्दीतलाच एक वाटला होता. “मला कसं कळणार, काका?”

“मना वळखू येत न्हाय. मी ल्हान होतो बाप जेला तवा. दादाला ठाव असंल. तू इचारून सांग.”

हो म्हणणं सोपं होतं. तोंडाशी आलंही होतं. “काका, मी वेबसाइट बनवते,” मी म्हटलं. “निरोप पोचवत नाही. दादांचा नंबर देऊ?”



“त्याचा नंबर पाठ हाय मना,” तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

त्या संध्याकाळी पान उघडलं गेलं नाही. दिवेलागण झाली, खाली लूमची शिफ्ट बदलली, तरी दादांचाही फोन नाही. मी जरा जास्तच तोडून बोलले, असं मनाला खाऊ लागलं. न राहवून मीच दादांना फोन लावला. ते दुसऱ्या कॉलवर होते. थोड्या वेळाने लावला, तरी तेच. जेवण उरकून लावला, तेव्हाही बाई शांतपणे सांगत होती की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. मी फोन खाली ठेवला आणि एकटीच हसले.

अजूनही क्लायंट लॉगिन मागतात. मी आधी विचारते, बाहेर कुणाला ठेवायचंय? ते सांगता आलं नाही, तर फॉर्म बनवत नाही.